एकादशीला भरलेले डबे

तर लोणच्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून सोजराबाई उभी आहे आणि अख्खा कारखाना तिच्या तोंडाकडे बघतोय, इथवर काल आलो होतो. मग दिवे लागले, तुमच्या आजीनं ताटं मांडली आणि सोजराबाईचा हात तसाच पिंपात राहिला. आज आधी तो बाहेर काढू.

तो हात बाहेर यायचा तो हळदीनं आणि तिखटानं माखलेला. त्या हातानं ती कैरीची एक फोड आणि थोडासा खार डाव्या पंजाच्या पाठीवर ठेवायची. तळहातावर नाही, पाठीवर. तळहाताला दिवसभराचं काय काय लागलेलं असतं, त्याची चव मधे येते म्हणायची. मग चाटायची आणि डोळे मिटायची. कैऱ्या फोडणाऱ्या बाया विळ्या थांबवायच्या, मी बैलांच्या दाव्याला हात लावून उभा राहायचो, आणि तिकडे कोपऱ्यात डब्यांची झाकणं कथलानं सांधणारा हनीफ झाळायचं लोखंड हातात धरून, पण शेगडीत न घालता, वाट बघत असायचा. डोळे उघडले की ती म्हणायची, "बसलं." म्हणजे मीठ बसलं, तिखट बसलं, सगळं जिथल्या तिथं बसलं. त्या एका शब्दावर हनीफचं लोखंड शेगडीत जायचं, डबे भरले जायचे, झाकणं झाळली जायची. तिनं बसलं म्हटल्याशिवाय त्या कारखान्यात एका डब्याचं तोंड कधी बंद झालं नाही.

कारखाना म्हणजे काय, चिंचवड स्टेशनच्या पलीकडे माळावर एक लांबलचक पत्र्याची शेड. तुम्ही आज ज्याला कारखाना म्हणता, तसलं काही मनात आणू नका. पिंपरीला तेव्हा पेनिसिलीनच्या कारखान्याचं काम जोरात चाललं होतं, गावातले तरणे गडी तिकडे धावत होते. माझी मात्र बैलगाडी होती आणि बैलांवर जीव होता, म्हणून मी आमच्या मालकांच्या, दौलतरावांच्या लोणच्याला धरून राहिलो. चाकणच्या बाजारातून मिरच्या, हळद आणि कैऱ्या आणायच्या आणि भरलेली खोकी चिंचवड स्टेशनवर मालगाडीच्या वाघिणीत चढवायची, हे माझं काम. आमची शाळा गावच्या चावडीतली, पण खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं मी बघून बघून शिकलो. मोंबासा हा शब्द मी डोळे मिटून लिहीत असे. आजही लिहीन.

आता तुम्ही विचाराल, लोणचं मोंबासाला कशाला? अहो, इथं विकत घेतो कोण? त्या काळात लोणचं विकत आणणं म्हणजे घरात बाईमाणूस नाही असं दवंडी पिटून सांगणं. दौलतरावांनी पहिल्या वर्षी पुण्याच्या पेठांतून दुकानं हिंडून पाहिली. वाणी हसले. एकानं तर त्यांना घरात नेऊन बायकोच्या हातचं लोणचं खाऊ घातलं आणि वाटेला लावलं. तेव्हा दौलतरावांच्या डोक्यात बसलं की आपलं गिऱ्हाईक इथं नाहीच. आपलं गिऱ्हाईक तिथं, जिथं कैरीचं झाड नाही आणि आईही नाही. आफ्रिकेत रेल्वेवर गेलेली आपली माणसं, दुकानं टाकून बसलेले गुजराती, एडनला बंदरावर काम करणारे. दौलतराव हे सांगताना उभे राहून सांगत. त्यांच्याकडे एक नकाशा होता, त्यावर हळदीचे डाग पडलेले. बोट फिरवत म्हणायचे, इथं, इथं, आणि इथं. बाया नकाशाकडे बघायच्या आणि हळूच म्हणायच्या, मालकाचं बोट समुद्रातच जास्त फिरतंय.

पण मिठाचं काम सोजराबाईकडे, यात दौलतरावांना शंका नव्हती. ती मूळची खेडची, म्हणजे आताचं राजगुरुनगर. दिली तळवड्याला. नवरा लवकर गेला. त्याच्याआधी दोन लेकरं गेली होती, दोन्ही पाळण्यातच. तिसऱ्या वेळी तिनं आळंदीला जाऊन देवापुढं सांगितलं की हे जगलं तर मरेपर्यंत एकादशीला पाण्याशिवाय काही तोंडात घालणार नाही. पोरगी झाली आणि जगली. नाव नदीचंच ठेवलं, इंद्रायणी. तेव्हापासून तिची एकादशी म्हणजे भगर नाही, शेंगदाणे नाहीत, रताळं नाही. नुसतं पाणी. पंचक्रोशीत एकादशी करणारे पुष्कळ, मीही करायचो, पण आमची एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. तिची तशी नव्हती. तिच्या लेखी त्या उपासावर पोरीचा श्वास चालला होता. हे ती कुणाला बोलून दाखवायची नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि हनीफ. चाकणचा. बाप कंदील दुरुस्त करायचा, पत्र्याच्या पेट्या करायचा. बाप गेल्यावर हनीफनं हत्यारं उचलली. कथील, नवसागर, लोखंड आणि ती शेगडी, एवढ्यावर तो असा डबा बंद करायचा की नखानं शिवण सापडायची नाही. बोलायला कमी. सोजराबाईला मावशी म्हणायचा. कौशल्याबाई म्हणून एक होती, कैऱ्या फोडण्यात सगळ्यांत जलद आणि जिभेनं त्याहून जलद. ती त्याला चिडवायची, की हनीफभाऊ, तुमी एवढं गप बसता, तुमच्या तोंडाला बी झाळ दिलीय काय? तो हसायचा आणि पुढचं झाकण घ्यायचा.

त्या वर्षी रमजान ऐन वैशाखात आला होता. शेगडीपुढं बसून रोजा धरायचा, तेही त्या पत्र्याच्या शेडमध्ये. आम्ही पाण्याचा तांब्या त्याच्याकडे पाठ करून प्यायचो. त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आपलं आम्हालाच बरं वाटायचं नाही.

आणि अशात वैशाखातली वद्य एकादशी उजाडली.

दौलतराव मुंबईला बोटीची व्यवस्था करायला गेले होते. त्यांची तार आली की माल आज संध्याकाळी वाघिणीत चढलाच पाहिजे, नाहीतर बोट जाईल. मोंबासाची ही पहिली मोठी मागणी. तिथल्या व्यापाऱ्यानं सांगितलं होतं की हा माल आवडला तर दरसाल घेऊ. पिंपं तयार होती. खारात मुरलेल्या फोडींवर मसाला घालून झाला होता, राहिलं होतं ते वरचं शेवटचं मीठ. ते सोजराबाई मापानं घालायची आणि मग चाखून कमी-जास्त करायची.

मीठ त्याच सकाळी नव्या पोत्यातलं काढलेलं. मीच आणलं होतं. जाड, मोठमोठाले खडे. नेहमीचं मीठ बारीक असायचं. तिनं नेहमीचंच माप भरलं, शीग लावून ओतलं, हात घालून फिरवलं. हात बाहेर काढला. डाव्या पंजाच्या पाठीवर फोड ठेवली. आणि तिथंच थांबली.

सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. प्रत्येकीची एकादशी. माझीही. लोणच्यात मोहरी, हिंग, मेथी, म्हणजे आम्हाला जिभेलाही चालणार नाही. कौशल्याबाई हनीफकडे बघून म्हणाली की तुमाला एकादशी न्हाई, तुमी चाखा. आणि मग तिलाच आठवलं. लोणच्यानं भरलेली शेड, तीसेक माणसं, आणि त्यातलं एक तोंड उघडं नाही. आधी कुणीतरी हसलं. मग सगळेच हसलो. सोजराबाईसुद्धा हसली, हे मला आजही दिसतं.

कौशल्याबाईनंच पुढं सुचवलं की नुसतं जिभेला लावून थुंकून टाकलं तर काय बिघडतंय. सोजराबाईनं मान हलवली. हनीफ म्हणाला, "थुंकायचं म्हणून तोंडात घालायचं, हे आपण लोकांना सांगू. त्याला कसं सांगायचं?" आणि त्यानं बोट वर केलं. सोजराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्या दोघांचं यावर काही वेगळं मत नव्हतं.

मग हनीफनंच वाट काढली. म्हणाला, पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात सिंधी दुकानदार आहेत, त्यांच्यातला कुणी आज जेवत असेलच, भैरूनं, म्हणजे मी, गाडी जुंपावी आणि एखाद्याला घेऊन यावं, तासाभराचं काम. मला पटलं. मी जू उचललंसुद्धा.

सोजराबाई म्हणाली, "न्हाई. माज्या पिंपात परक्याची जीभ चालायची न्हाई."

हे तिनं तोऱ्यात म्हटलं असं नाही. अगदी साधं म्हटलं, घराचं दार लावावं तसं. आपल्याकडे लोणच्याला दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत. बरणीला शिवायचं नाही, उष्टं करायचं नाही, चुलतसासूलाही फोड काढू देत नाहीत. कारखाना झाला, पिंपं झाली, मोंबासा झालं, तरी तिच्या मनात ती बरणीच होती. आणि शिवाय, बारा महिने जिच्या शब्दावर लोखंड तापतं, तिनं कॅम्पातल्या कुणा दुकानदाराला विचारायचं?

तिनं पंजावरची फोड परत पिंपात टाकली. हात फडक्याला पुसला. आणि म्हणाली, "बसलं."

हनीफ थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं लोखंड शेगडीत घातलं.

संध्याकाळी मी सगळी खोकी वाघिणीत चढवली. गार्डनं शिट्टी दिली, गाडी खंडाळ्याच्या अंगाला निघाली, आणि मी बैलांना सांगितलं की बघा रे, तुम्ही ओढलेलं आता समुद्रावर चाललंय. बैलांना काय त्याचं.

पावसाळा सरत आला तेव्हा एक खोकं परत आलं. एकच. बाकीचा माल तिथंच समुद्रात टाकला होता, असं व्यापाऱ्यानं कळवलं. हे एक मालकाला डोळ्यांनी बघायला पाठवलं. दौलतरावांनी ते शेडच्या मधोमध उघडवलं. आतले डबे डबे राहिले नव्हते. वरखाली फुगून गोल झाले होते, जेवून टम्म झालेल्या पोरांच्या पोटासारखे. दौलतरावांनी एकाला छिन्नी लावली आणि तो फुटला. त्यांच्या पांढऱ्या धोतरावर, कोटावर, चष्म्यावर तो सगळा आंबलेला फेस. इतर दिवशी कौशल्याबाईला हसू आवरलं नसतं. त्या दिवशी तिनं पदर तोंडाला लावला तो वासानं.

दौलतराव ओरडणारे नव्हते. चष्मा पुसत पुसत हनीफच्या कोपऱ्यात गेले. त्यांच्या मनात एकच होतं, की डब्याला कुठंतरी छिद्र राहिलं, हवा आत गेली आणि माल नासला. म्हणाले, "हनीफ, वर्षभराची माझी धडपड तुझ्या झाळीतून गळून गेली. तू आता उद्यापासून येऊ नकोस."

हनीफनं हातातलं लोखंड खाली ठेवलं. त्याला ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते बोलायचं तर बोट सोजराबाईकडे जातं, आणि ती तर तिथंच बसली होती, हातात विळी, समोर फोडायच्या लिंबांचा ढीग. तिनं मान वर केली नाही. त्याच महिन्यात इंद्रायणीला भोसरीचं स्थळ सांगून आलं होतं. बाईचं काम गेलं तर स्थळ राहतं की जातं, हे कुणी सांगायला नको. शिवाय तळवड्यापासून खेडपर्यंत कुणाच्याही घरी कार्य असलं की मिठाला सोजराबाईला बोलवत. तिच्याकडे तिच्या जिभेशिवाय दुसरं होतं काय?

हनीफनं शेगडीतली राख बाहेर नेऊन टाकली. शेगडी गार व्हायची वाट पाहिली. कथलाच्या कांड्या फडक्यात बांधल्या. जाताना वाकून म्हणाला, येतो मावशी. तिनं हूं केलं. बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाकणला निघालो होतो, तर तळवड्याच्या फाट्यावर सोजराबाई उभी. कामावर जायच्या उलट्या दिशेला. म्हणाली, मला हनीफच्या घरी घेऊन चल. मी म्हटलं, आणि कामाचं? ती म्हणाली, मालकाकडं सकाळीच जाऊन आले. पुढं काही विचारायची माझी छाती झाली नाही. वाटेत इंद्रायणी नदीचा पूल लागला, तिनं सवयीनं हात जोडले. एरवी मी बोलल्याशिवाय बैलसुद्धा चालत नाहीत, असं लोक म्हणतात. त्या दिवशी ते माझ्या न बोलण्यावर चालले.

चाकणला कांद्याचा बाजार भरला होता, त्याच्या मागच्या गल्लीत हनीफचं घर. तो नव्हता, काम शोधायला गेला होता. दारात त्याची आई रहमतबी गोधडी शिवत बसलेली. सोजराबाईला तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं. मी सांगितलं कोण ते. म्हातारीनं सुई बाजूला खोचली, चटई झटकून टाकली आणि म्हणाली, "बसा. तुमचं नाव घरात रोज निघतं. पोराची चूक झाली बाई. बोलला मला, अम्मा, माझ्या हातून डबा गळाला. त्याच्या बापाच्या हातून कधी असं झालं न्हवतं."

म्हणजे त्यानं आईलासुद्धा खरं सांगितलं नव्हतं. कारखान्यात गप्प बसला ते एक, आम्ही सगळेच बसलो. पण घरी येऊन, आईसमोर, बापाच्या हत्यारांवर त्यानं तो बट्टा ओढवून घेतला होता.

सोजराबाई चटईवर बसली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली. म्हणाली, "त्याचा एक बी डबा गळला न्हाई. गळला असता तर फुगला कशाला असता? खडे जाड, माप भरलं तरी मीठ कमी पडलं. मी न चाखता बसलं म्हनले. मालकाला सांगून आले, आता तुमाला सांगते."

रहमतबीनं गोधडी गुंडाळून बाजूला ठेवली. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. आणि मधेच थांबली. कारण सोजराबाई बाहेरचं, त्यातून त्यांच्या घरचं पाणी पीत नसणार, हे न सांगता कळत होतं. तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला, म्हणजे घेतला तर घेतला. सोजराबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि पदर सावरून गाडीत येऊन बसली. ते पाणी तसंच राहिलं. ते मला परतीच्या वाटेवर फार लागलं, बैल मोशीच्या पुढं येईपर्यंत. तिला काय लागलं ते तिचं तिला माहीत.

दौलतरावांनी हनीफला परत बोलावलं. सोजराबाईलाही काढून टाकलं नाही, तेवढं त्यांचं मोठेपण. पण मीठ काढून घेतलं. म्हणाले, तुम्ही चाखून चुकला असता तर मी काही बोललो नसतो, बाई. न चाखता बोललात. पुढं आठ-नऊ महिने ती कैऱ्या आणि लिंबं फोडायच्या रांगेत बसली, कौशल्याबाईच्या शेजारी. मीठ दौलतराव स्वतः तराजूनं घालत. तो माल खाणावळींना जाई. परदेश बंद. तो हळदीचा नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला होता.

त्या वर्षात मी तिच्या तोंडून बसलं हा शब्द ऐकला नाही. खेडला चुलतभावाच्या घरी कार्य होतं, तिथंही मिठाला बोलावलं तर गेली नाही. दुसऱ्या कुणाला विचारा म्हणाली. कौशल्याबाई सुरुवातीला टोचून बोलायची, की सोजरे, फोड जरा सारखी कर, मोंबासाला जायचीय. ती उत्तर द्यायची नाही. मग कौशल्याबाईलाही त्यात मजा राहिली नाही. एक मात्र झालं. भोसरीच्या लोकांना मी स्वतः विचारलं होतं, की बाईबद्दल काही ऐकलंत का? व्याही म्हणाला, ऐकलं, मालकाच्या दारात जाऊन आपली चूक सांगितली म्हणे. असली सोयरीक सोडतो की काय. लग्न पुढच्या जेठात धरलं.

पुढच्या साली कैऱ्या आल्या आणि मोंबासाहून त्याच व्यापाऱ्याचा निरोप आला. गिऱ्हाईक आठवण काढतं, एकदा पुन्हा पाठवून बघा, पण पुन्हा नासलं तर आपला संबंध संपला. दौलतरावांनी नकाशा खाली काढला, झटकला, आणि सोजराबाईला बोलावून घेतलं. त्यांचं तराजूचं मीठ खाणावळीला चाललं, तरी त्यांचं त्यांनाच ते आवडत नव्हतं. म्हणाले, मीठ तुम्ही घ्या. पण चाखल्याशिवाय एक डबा जाणार नाही, मग दिवस कुठलाही असो. सोजराबाईनं विचारलं, वाघीण कधीची? त्यांनी तारीख सांगितली. तिनं बोटांवर मोजलं. जेठातली शुद्ध एकादशी. वर्षातली सगळ्यांत कडक, निर्जळी. त्या दिवशी ती पाणीसुद्धा घ्यायची नाही.

आता एकादशी मोडायची म्हणजे पोरीला लग्नाच्या तोंडावर देवाच्या हातातून सोडायची. आणि नाही मोडायची म्हणजे पुन्हा न चाखता बोलायचं. दौलतरावांना ते कळलं असावं, त्यांचा चेहरा पडला. ती म्हणाली, चाखलं जाईल. काळजी करू नका.

आदल्या दिवशी मला म्हणाली, "भैरू, उद्या पहाटं चाकणला जा. रहमतबीला घेऊन ये. म्हनावं, सोजरा बोलावतीय, यायचंच."

ईद होऊन आठवडा झाला होता. रहमतबी ईदचंच लुगडं नेसून गाडीत बसली. वाटभर मला विचारत होती, की मला कशाला बोलावलंय? पोरानं पुन्हा काही केलं का? मला तरी काय ठाऊक होतं? मी आपला तिला ह्या बैलांचा आजा कसा शर्यतीत पळाला ते सांगत आणलं.

शेडमध्ये सगळ्या बाया उपाशी, कैऱ्यांचा आंबट वास आणि वरून जेठाचं ऊन. हनीफ आईला बघून उभाच राहिला. सोजराबाईनं एक खोकं पालथं घातलं आणि म्हातारीला त्यावर बसवलं. मापानं मीठ घातलं, हात घालून फिरवलं. मग रहमतबीचा डावा हात आपल्या हातात घेतला, पालथा केला, पंजाच्या पाठीवर फोड ठेवली, थोडा खार ठेवला. आणि म्हणाली, चाखा, आणि खरं सांगा.

बायांच्या विळ्या थांबल्या त्या नेहमीसारख्या नव्हे. कौशल्याबाई तर अर्धी उठली. दौलतराव दारात उभे होते, ते पुढं आले नाहीत आणि मागंही गेले नाहीत.

रहमतबीनं चाटलं, तोंड हलवलं. म्हणाली, "थोडं कमी हाय बाई."

सोजराबाईनं एक ओंजळ मीठ घातलं. पुन्हा हात फिरवला. पुन्हा फोड. म्हातारीनं ह्या वेळी डोळे मिटले. कुणी शिकवलं नव्हतं तिला, आपोआपच मिटले. उघडले तेव्हा सोजराबाईकडे न बघता पोराकडे बघितलं आणि विचारलं की तुम्ही लोक इथं काय म्हणता? हनीफनं अगदी हळू सांगितलं. मग ती म्हणाली, "बसलं."

हनीफचं लोखंड शेगडीत गेलं.

पण कौशल्याबाई ती कौशल्याबाई. तिच्या तोंडात वाईट नव्हतं, जे सगळ्यांच्या पोटात होतं ते तिच्या ओठांवर यायचं एवढंच. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "सोजरे, परदेशी जाईल ते जाईल, तिथं कोन बगायला जातंय कुनी चाखलं ते. पन चार दिसांवर तुज्या पोरीचं लगीन हाय. हेच लोनचं तू मांडवात भोसरीकरांच्या पानात वाढशील का?"

रहमतबीनं हात लुगड्याखाली घेतला. सोजराबाईनं हात फडक्याला पुसला, सावकाश, एकेक बोट. मग तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगतो:

"वाढनार. हनीफ, पैला डबा मोंबासाला न्हाई, माज्या इंद्रायणीच्या मांडवाला बाजूला ठेव. आन रहमतबी, त्या दिवशी तांब्या आमच्या दारात आनून ठेवीन, पानी पिऊन जा. तुमच्याकडचं माजं ऱ्हायलंय, ते लगीन झालं की येऊन पिते."